आहे तसे, आहे तिथे

पेपर आला की आमच्या शेजारचे आप्पा त्याचं पहिलं पान काढून काकूंना मेथी निवडायला देतात आणि आतलं जाहीर नोटिशींचं पान घेऊन झोपाळ्यावर बसतात. हरवलेली खरेदीखतं, नावातले बदल, भाऊबंदकीच्या हरकती यांत त्यांना रस नसतो. त्यांना हवी असते ती अर्धं पान व्यापणारी, भिंगाशिवाय वाचता न येणारी नोटीस : सोनेतारण कर्जखात्यांतील दागिन्यांचा जाहीर लिलाव. अशा लिलावाआधी दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तो घालताना रिझर्व्ह बँकेच्या डोळ्यांपुढे कर्जदार असणार. आप्पांच्या मते मात्र आप्पा होते.

नोटिशीत कधी कर्जदाराचं नाव असतं, कधी नुसताच खातेक्रमांक. पण आप्पा क्रमांकावरून शाखा, शाखेवरून पेठ आणि पेठेवरून माणूस काढतात. गल्लीत कुणाचं लग्न जमलं हे काकूंना आधी कळतं, कुणाच्या पाटल्या अडकल्या हे आप्पांना. दोन्ही बातम्या पुष्कळदा एकाच घरच्या निघतात. त्यांच्या बाजूने एवढं सांगायला हवं, की ही माहिती त्यांच्या पोटातून बाहेर पडत नाही. तो माणूस रस्त्यात भेटला तर ते त्याला काही विचारत नाहीत. त्याच्या बायकोच्या मोकळ्या मनगटाकडे एकदा बघतात आणि घरी येऊन वहीत टीप करतात.

आप्पा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. खात्याचं आताचं नाव वैधमापन शास्त्र यंत्रणा असं भारदस्त आहे, पण सांगलीच्या बाजारात 'वजनमापेवाले साहेब आले' एवढं म्हटलं तरी तराजूची दांडी आपोआप सरळ व्हायची. सगळी हयात दुसऱ्यांची वजनं तपासण्यात गेली की माणसाच्या मनात जगाविषयी एक कायमची शंका बसते. लग्नात आहेराचं पाकीट हातात घेतलं तरी आप्पांचा तळवा किंचित वरखाली होतो. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी असते आणि तिच्यात कापसात गुंडाळलेलं, शिक्का मारलेलं दहा ग्रॅमचं वजन. लिलावाला गेलं की बँकेच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी ते ठेवायचं. काट्याने १०.००० दाखवलं तर मान डोलवायची. १०.००२ दाखवलं तर काही बोलायचं नाही, फक्त मॅनेजरकडे बघायचं. त्या नजरेसमोर मॅनेजरला आपल्या नोकरीत आजवर काय काय चुकलं ते क्रमाने आठवू लागतं.

त्यांचा एक सिद्धांत आहे आणि तो मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आता तो मला माझाच वाटतो.

"लिलावात सोनं स्वस्त मिळतं ही अडाण्यांची समजूत," आप्पा सुरू करतात. "बँक काय खुळी आहे? किमान बोली चालू किमतीच्या नव्वद टक्क्यांच्या खाली ठेवता येत नाही. दोनदा लिलाव फसला तर पंच्याऐंशी. त्यावर तीन टक्के जीएसटी. आत लाख भरलेली, मणी ओवलेले, दोरा तेलकट, त्याची वजावट बँकेच्या सराफानं हात राखून धरलेली. मग उरलं काय?"

इथे थांबायचं असतं. मी थांबतो.

"घडणावळ!"

आणि हे खरं आहे. दुकानात नवा डाग घ्यायचा तर सोन्याच्या भावावर दहा-पंधरा टक्के, नाजूक कामाला त्याहूनही जास्त मजुरी मोजावी लागते. तोच डाग दुसऱ्या दिवशी मोडायला नेला तर त्या मजुरीचे पैसे कुणी धरत नाही. लिलावात आलेल्या डागाची घडणावळ मात्र कुणीतरी पूर्वीच भरून ठेवलेली असते. लिलावाला येतात ते मुख्यतः गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडून देशभरच्या सराफ पेठांमध्ये सोनं गाळण्याच्या भट्ट्या लावणारी ही माणसं. त्यांना ठुशी काय आणि वज्रटीक काय, मुशीत गेल्यावर सगळं सारखंच. ते डागाकडे बघत नाहीत, टंच बघतात. आटणीनंतर हातात किती शुद्ध सोनं राहील याचा हिशेब करतात आणि त्या आकड्यावर थांबतात.

"गलाईवाला थांबला," आप्पा बोट वर करतात, "की आपण शंभर रुपये पुढं जायचं. डाग आपला, घडणावळ फुकट!"

हा सिद्धांत मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला. त्यात खोट नाही. खोट आप्पांत आहे. आदल्या रात्री ते प्रत्येक पाकिटाचा आपला आकडा वहीत काढतात. चालू भाव, हॉलमार्क असला तर ९१६ नाहीतर अंदाजे टंच, लाखेची तूट, जीएसटी, इथपर्यंत गलाईवाल्याचा आणि त्यांचा हिशेब एकच. मग ते आणखी काही वजा करतात. झीज. जायची-यायची रिक्षा. 'अनामत अडकली त्याचं व्याज' या नावाखाली एकोणीस रुपये. त्यामुळे गलाईवाला जिथे थांबतो त्याच्या दोन-तीनशे रुपये अलीकडेच आप्पा येऊन थांबलेले असतात. शंभर पुढे जाणं त्यांना तत्त्वतः मान्य आहे. तोंडातून तो आकडा फुटत नाही.

लिलावाचा दिवस मात्र बघण्यासारखा असतो. शाखेच्या माडीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर सीलबंद पाकिटं, एका बाजूला बँकेचा सराफ, दुसऱ्या बाजूला बाहेरगावाहून मुद्दाम आलेला, घड्याळाकडे बघणारा अधिकारी. पॅन, आधार, अनामतीची पावती दाखवून आत जायचं. फळ्यावर अटी लावलेल्या असतात आणि त्यातली 'दागिने आहे त्या स्थितीत, आहे त्या ठिकाणी विकले जातील' ही ओळ आप्पा दर वेळी मोठ्याने वाचतात. गलाईवाले खुर्च्यांवर पसरून मोबाइलवर भाव बघत असतात. त्यांच्यात आपसांत काही ठरलेलं असतं, असा आप्पांचा वहीम आहे. कुणी कुठल्या पाकिटावर बोलायचं, कुणी गप्प बसायचं, आणि खाली चहाच्या गाड्यावर मग काय वाटून घ्यायचं. मला विचाराल तर ही माणसं एकाच गावची, एकमेकांचे मेहुणे-साडू. त्यांना ठरवायला लागत नसावं.

बघण्यासाठी पाकिटं उघडली की आप्पांचे नियम लागू होतात. हवा असलेला डाग हातात घेऊन लगेच खाली ठेवायचा. नको असलेला उजेडाला धरून खूप वेळ बघायचा, उसासा सोडायचा. बोली चालू असताना मागे वळून बघायचं नाही, बघितलं की आपली निकड उघडी पडते. हे डावपेच एवढ्या वर्षांत सगळ्यांना पाठ झाले आहेत. आप्पांनी एखादी बांगडी झटकन खाली ठेवली की दोन गलाईवाले ती उचलून नीट तपासतात.

एकदा त्यांनी शिपायाकडे ग्लासभर पाणी मागितलं. उन्हाळा होता, शिपायाने माठातलं आणून दिलं. आप्पांनी खिशातून दोरा काढला, एक जाडजूड तोडा त्याला बांधला आणि ग्लासात सोडणार एवढ्यात बाहेरगावचा अधिकारी ओरडला. आप्पांचं म्हणणं साधं होतं. कसोटीच्या दगडावर घासून ॲसिड लावलं तर वरच्या पापुद्र्याचं सोनं कळतं, पोटात काय आहे ते कळत नाही. पाण्यात बुडवून वजन केलं की घनता निघते. शुद्ध सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, तांबं नऊ पटींच्या आतबाहेर. आत तांबं असेल तर तोडा स्वतःच कबुली देईल. सोनेतारणात मुलामा दिलेले दागिने ठेवून कर्ज उचलल्याची आणि त्यात मूल्यांकन करणारा सराफच सामील असल्याची प्रकरणं पेपरात येतच असतात, तेव्हा शंका अगदीच वेडगळ नव्हती. पण ती त्यांनी बँकेच्या सराफाच्या देखत, त्याच्याच काट्याशेजारी, त्याच्याकडे बघत मांडली. सराफ उठून उभा राहिला. "एवढी शंका असेल तर बोलू नका की!" आप्पा म्हणाले, "बोलणार नाहीच आहे. पण टंगस्टन असलं तर पाण्यातही कळायचं नाही, त्याची घनता सोन्याएवढीच." या माहितीची त्या क्षणी कुणालाच गरज नव्हती. तोडा आटपाडीच्या एकाने घेतला. ग्लासातलं पाणी आप्पा प्यायले.

जुना डाग ओळखण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पेठेतले कारागीरही हे मान्य करतात. एका पाकिटात फिकट, लालसर झाकेचे बिलवर होते. गलाईवाल्यांनी यंत्राखाली धरायला ते मागितले. आप्पांनी नुसते बोटांवर फिरवले आणि म्हणाले, "मोरारजी." कुणाला काही कळेना. मग त्यांनी उलगडून सांगितलं. चीनशी युद्ध झाल्यावर १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री. चौदा कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी. घरोघरच्या लग्नांत चौदा कॅरेट आलं, आणि कितीतरी सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. यंत्राने आकडा दाखवला तो अठ्ठावन्नच्या आसपास. खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. एका गलाईवाल्याने तर आप्पांना नमस्कार केला आणि त्यांच्याच आकड्याच्या दोनशे रुपये वर बोली लावून ते बिलवर नेले.

लिलाव वेळेवर सुरू झाला तर आप्पांना आवडत नाही. उशीर झाला की त्यांना इतिहास सांगता येतो. "आपण इथं पाटल्यांना रडतोय," ते शेजारच्याला म्हणतात, "नागपूरकर भोसल्यांचं काय झालं? १८५४ साली डलहौसीनं राज्य खालसा केलं. हत्ती-घोडे सीताबर्डीला मातीमोल भावानं विकले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात धाडलं. त्र्यंबकेश्वराचा नासक हिरा! पेशवाई बुडाली तेव्हा इंग्रजांनी लांबवला. १८३७ साली लंडनला त्याचा लिलाव, पुढं १९७० मध्ये न्यूयॉर्कला परत लिलाव, पाच लाख डॉलर!" शेजारचा विचारतो, "पाच लाखाला घेऊन आज विकला असता तर?" आप्पांचे डोळे बारीक होतात. त्या लिलावात आपण नव्हतो याची हळहळ त्यांना अजून आहे. असते तरी काय झालं असतं, हे मी सांगायला नको.

त्यांचा पुण्याचा पुतण्या एकदा मोबाइल घेऊन आला. "काका, आता घरबसल्या लिलाव असतात. मुंबईच्या लिलावगृहांचे ऑनलाइन, परदेशातले सुद्धा." त्याने क्रिस्टीजचं दाखवलं. २००७ साली न्यूयॉर्कला बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहातला मोत्यांचा दुपदरी हार सत्तर लाख डॉलरच्या वर गेला होता. आप्पांनी फोटो मोठा करून फासा पाहिला, निव्वळ वजन कुठे दिलंय ते शोधलं, मग अटी वाचायला घेतल्या. तिथे त्यांना कळलं, की हातोडा पडलेल्या किमतीवर घेणाऱ्याने आणखी वीस-पंचवीस टक्के लिलावगृहाला द्यायचे असतात. त्यांनी फोन परत केला. "आमच्या मार्केट यार्डात हमाली-तोलाई सुद्धा यापेक्षा लाजून घेतात."

तरी आप्पांनी काहीच घेतलं नाही असं समजू नका. एका खात्याचे सगळे दागिने एका पाकिटात असतात आणि पाकीट अख्खं घ्यावं लागतं. ज्या पाकिटांवर गलाईवाल्यांनाही बोलावंसं वाटत नाही, वजन कमी, कचरा जास्त, ती कधीमधी आप्पांच्या आकड्याला सुटतात. त्यांतून जमलेला खजिना पार्ले बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आहे. जोडीदार नसलेल्या कुड्या. आकडा तुटलेली नथ. एक बिंदली, तान्ह्या बाळाच्या एकाच हाताची. मंगळसूत्राची एक वाटी. आतल्या बाजूला 'प्रिय स. हिस' असं कोरलेली अंगठी. काकूंच्या नावात स नाही. अंगठी घरी आली त्या दिवशी बँकेची पावती काकूंनी दोनदा वाचली होती.

काकू या डब्याला हात लावत नाहीत. "कुणा बाईनं रडत काढून दिलेलं मी अंगावर घालू?"

"रडत कशाला?" आप्पा म्हणतात. "द्राक्षबागेला औषध मारलं असेल. पाइपलाइन टाकली असेल. पोराला इंजिनिअरिंगला घातलं असेल. सोनं असतंच कशाला?"

"मग सोडवलं का नाही?"

"नाही जमलं. आणि हे बघ, लिलावात कर्ज-व्याज फिटून वर जे उरेल ते बँकेनं त्या बाईला परत द्यायचं असतं. नियम आहे तसा. म्हणजे आपण जेवढी जास्त बोली लावू तेवढं तिलाच मिळतं. एका अर्थी पुण्यच आहे."

"मग लावा की जास्त," काकू म्हणतात आणि आत जातात.

बाहेर मात्र आप्पांची नजर सुटत नाही. परवा एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. वाढायला वरमाय आली, गळ्यात मोहनमाळ. आप्पांचा जिलबीचा घास हवेत थांबला. "पाकीट नंबर चौदा," ते पुटपुटले. "फाशाच्या मागं डाग लावलेलाय. मी बेचाळीसला थांबलो होतो." मी त्यांच्या पायावर पाय दिला. वरमाय म्हणाली, "आप्पा, अजून घ्या ना." आप्पा म्हणाले, "तेव्हाच घ्यायला पाहिजे होती." तिने आणखी दोन जिलब्या वाढल्या.

एका जातीच्या लिलावाचा मात्र आप्पांना मनापासून राग आहे, तो म्हणजे देवाचा. मुंबईत लालबागच्या राजाला आलेल्या वस्तूंचा विसर्जनानंतर लिलाव होतो. सिद्धिविनायकाचा न्यास देवाला वाहिलेल्या दागिन्यांचा पाडवा, अक्षय्य तृतीया असे मुहूर्त धरून लिलाव करतो. टीव्हीवर ते दिसलं की आप्पा खुर्चीत पुढे सरकतात आणि थोड्याच वेळात चिडून मागे टेकतात. कारण तिथे लोक चालू भावाच्या वर बोलतात. एक तोळ्याची वस्तू, माणूस सव्वा तोळ्याचे पैसे देतो आणि वर हात जोडतो. "याला लिलाव म्हणत नाहीत," आप्पा म्हणतात, "ही वर्गणी झाली. हातोड्यानं गोळा केलेली."

म्हणून गेल्या दसऱ्यानंतर आमच्या पेठेतल्या देवीच्या देवळात ते दिसले तेव्हा मला नवल वाटलं. नवरात्रात देवीला आलेल्या साड्या आणि किरकोळ वस्तू तिथे दर वर्षी पुकारून विकतात. या खेपेला त्यांत एक ठुशी होती. कुणा भक्ताने नवसाची वाहिलेली, नवी कोरी, हॉलमार्कची. "नुसतं बघायला आलोय," आप्पा म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसले. वही मांडीवर होती. त्या दिवसांत सोनं लाखाच्या वर जाऊन बसलं होतं. साडेसहा ग्रॅमची ठुशी, दोरा-गोंडा वजा जाता सव्वासहाच्या आत. आप्पांचा आकडा होता अडुसष्ट हजार चारशे. बायका मागे खांबापाशी बसल्या होत्या. मी मधल्या दारात उभा, म्हणून मला दोन्हीकडचं दिसत होतं.

पुकारा करायला देवस्थानचे एक विश्वस्त होते. पेशाने व्यापारी, गळ्यात माइक. साठ हजारांपासून सुरुवात झाली. पेठेतल्या दोन सराफांनी हौसेने वर नेली. आप्पा मधूनच पाचशे वाढवत होते, मान न हलवता, नजर समोरच्या समईवर. मागून अधूनमधून एक हात वर होत होता आणि विश्वस्त पुकारत होते, "महिलांतून त्रेसष्ट! महिलांतून पासष्ट!"

तो हात काकूंचा होता.

मी विश्वस्तांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाने आप्पांच्या खात्याकडे एके काळी वजनकाट्याचा दंड भरलेला होता. त्यांनी माइक जरा जवळ घेतला.

सदुसष्ट हजारांवर शेवटचा सराफ थांबला. हात झटकून उठलाच तो. देऊळ शांत झालं. आप्पांच्या मानेची शीर मला इथून दिसत होती. आयुष्यभर ज्या प्रसंगाची वाट पाहिली तो समोर उभा होता : समोरचा थांबला आहे, आणि आता शंभर रुपये पुढे जायचं आहे. त्यांनी आवंढा गिळला.

"सदुसष्ट शंभर," आप्पा म्हणाले.

ते आप्पा म्हणाले यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

"सदुसष्ट शंभर एक वार! सदुसष्ट शंभर दोन वार..." विश्वस्तांनी मागे पाहिलं. "महिलांतून सदुसष्ट दोनशे!"

आता आप्पा पेटले. सराफ नाही, गलाईवाला नाही, आणि शंभराने वर येतंय कोण? म्हणजे हाही त्यांचाच सिद्धांत जाणणारा कुणीतरी मुरलेला गडी. तीनशे, चारशे, पाचशे. मी पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. "आप्पा, मागं बघा." त्यांनी माझा हात झटकला. "बोलीत मागं बघायचं नसतं!" अडुसष्ट झाले. अडुसष्ट चारशे झाले. आप्पांनी वही मिटली आणि खिशात घातली. बायकांच्यात खसखस पिकली होती, पुरुष मुठीत हसत होते. एक म्हातारे गृहस्थ तर मोठ्याने "अरे कुणीतरी सांगा त्यांना!" म्हणाले आणि शेजारच्याने त्यांना गप्प केलं.

"एकोणसत्तर!" आप्पा ओरडले.

विश्वस्त म्हणाले, "महिलांतून काही?" या वेळी नुसता हात वर झाला नाही. खांबापाशी काकू उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "एकोणसत्तर शंभर."

एकोणसत्तर शंभर, एक वार, दोन वार, तीन वार. आप्पा तोपर्यंत वळलेले होते, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पैसे काकूंच्या भिशीचे होते. त्यांनी रुमालाची गाठ सोडून तिथल्या तिथे मोजले, पावती घेतली आणि पुजाऱ्याकडून ठुशी देवीच्या पायांना लावून घेतली. मी त्यांच्याबरोबरच घरी निघालो. असला प्रसंग अर्ध्यावर सोडून जाण्याइतका मी सज्जन नाही.

देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर आप्पांना वाचा फुटली. "अगं, तू गप्प बसली असतीस तर सदुसष्ट शंभरात घरात येत होती!"

"घरात कुठली? डब्यात."

"दोन हजार जास्त गेले."

"ते तुम्ही नेलेत वर. मी दर वेळेला शंभरच वाढवत होते. गलाईवाला थांबला की शंभर पुढं जायचं, तुम्हीच सांगता ना?"

"मी गलाईवाला आहे का?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. पेठेतल्या कापडवाल्याच्या काचेपाशी थांबून त्यांनी ठुशी गळ्यात घातली आणि गोंडा ओढून बसवली. आप्पा थोडा वेळ बघत राहिले.

"एवढं बोलत होतीस," ते म्हणाले. "ही पण दुसरीच्याच गळ्यातली आहे की."

"देवी म्हणजे दुसरी नव्हे."

यावर आप्पांकडे नियम नव्हता. मारुती चौकापर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मग त्यांचा हात खिशात गेला आणि रिळाची डबी बाहेर आली.

"जरा काढून दे इकडं. समोरच्या सराफाचा काटा चांगलाय. देवळातल्यांनी वजन कुठल्या काट्यावर केलं कुणास ठाऊक."

"आता गळ्यातली काढायची नाही मी," काकू म्हणाल्या. "वजन करायचंच असेल तर माझ्यासकट करा आणि मग निव्वळ काढा."